अशुद्ध भाषेचा मासला

अमरावती
आषाढ शुद्ध पंचमी, शके १७८६

चिरंजीव भगवंता,

तुले तुया बापाचा आशीर्वाद, आन तुया मायचा त्याच्याहून मोठा.

तुयं पत्र भेटलं. पंतोजीकडून वाचून घ्याची गरज नाही पडली, मीच वाचलं. पयल्या वक्ताले घाईघाईनं, दुसऱ्या वक्ताले तुया मायसाठी मोठ्यानं. तू पुन्याच्या कॉलेजात परोफेसर झाला, सायबाची भाषा सायबाच्याच समोर शिकवून राहिला, हे मी बाजारात इतक्या लोकायले सांगतलं का आता मी तोंड उघडलं की लोकंच म्हन्तेत, "हाव खुशालराव, मालूम हाय."

पन एक गोठ मले समजली नाही. तू लिवतं का तू टीकाकार बी झाला, लोकायच्या पुस्तकायचे दोष दाखवतं. ज्यानं बिचाऱ्यानं डोये फोडून पुस्तक लिवलं त्याचे दोष काहून दाखवा? मंग ध्यानात आलं का आमी दलाल बी हेच करतो. कास्तकाराची गाडी आली का कापसात हात घालतो, म्हन्तो ओला हाय, कचरा हाय. पन आमी दोष काढतो ते सौदा जमवाले, मोडाले नाही. तुयंबी तसंच असन.

अठी बाजार येड्यावानी पिसायला हाय. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, विलायतेच्या गिरन्यायले कापूस भेटत नाही, आन आमच्या अठी सोनाराले झोप नाही. जो तो ज्वारी सोडून कापसाची पराटी पेरून राहिला. धामनगावाकडच्या एका पाटलानं बैलाच्या शिंगायले चांदी मढोली. बैल दिवसभर मान हालोते, त्याले वाटते डोक्यावर काही बसलं. माह्या घशाले दिवसभर आराम नाही. दलालाचं दुकान म्हंजे त्याची जीभ, तुले मालूमच हाय.

तुयी माय तुया पत्रावर हात फिरोते. तिले वाचता येत नाही तं कागद नाकाशी लावते आन म्हन्ते, याले शाईचा वास येऊन राहिला, माह्या लेकराचा नाही.

दिवायीले आमी दोघं पुन्याले येतो म्हन्तो. भुसावयपासून आगगाडी हाय, मधात घाटात उतरा लागते म्हन्तेत. उतरू. तुयं कॉलेज पाहू, तू शिकवतं ते भाईर उभं राहून आयकू. समजलं नाही तरी चालन.

लवकर लिव.

तुया बाप
खुशालराव


पुणे
ता. २९ जुलै १८६४

तीर्थरूप बाबा आणि माय यांच्या चरणी भगवंताचा नमस्कार.

आपले पत्र पावले. माझ्या नेमणुकीने तुम्हांस आनंद झाला हे वाचून धन्यता वाटली. अकोल्यास गफ्फारचाचांच्या घरी राहून मी इंग्रजीची पहिली अक्षरे गिरवली, तेव्हा आपण मला शेतातून काढून शाळेत घातले म्हणून भाऊबंद आपल्याला हसत होते. ते मी विसरलो नाही. आज कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून उभा राहतो तेव्हा माझ्यासमोरचे बहुतेक विद्यार्थी पिढीजात विद्या असलेल्या घरांतले असतात. त्यांच्यात माझा एक शब्द चुकला तरी तो दिवसभर माझ्या पाठीमागे फिरतो. म्हणून मी फार जपून राहतो.

टीकाकाराच्या कामाविषयी आपण विचारले. येथे 'वाग्विचार' नावाचे मासिक निघते. त्यात मी मराठी गद्य कसे असावे यावर लेखमाला लिहीत आहे. इंग्रजीत गद्याची परीक्षा कशी करतात ते आपल्या लोकांना ठाऊक नाही. शेतातले तण काढणाऱ्याला कोणी पिकाचा वैरी म्हणत नाही, तसेच हे आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांना मराठी चांगले येते. ते माझे लेख मनापासून वाचतात आणि उदाहरणे जास्त द्या असे सांगतात. अर्थात हे मासिक तिकडे येत नाही, आणि आले तरी त्यातली भाषा बाजारच्या मंडळींस रुचणारी नाही.

दिवाळीस येण्याचे आपण लिहिले. यंदा येऊ नये असे माझे मत आहे. माझी जागा लहान आहे. शिवाय माझ्याकडे येणारी मंडळी वेगळ्या वळणाची, त्यांच्यात तुम्हां दोघांना अवघडल्यासारखे होईल. पुढे मोठी जागा घेतली की मीच बोलावीन.

आणखी एक विनंती. पत्र लिहिताना थोडी काळजी घ्यावी. येथे टपाल कधी कधी माझ्या हाती येण्याआधी बरोबर राहणाऱ्या मित्रांच्या हाती पडते.

आपला आज्ञाधारक
भगवंत


अमरावती
भाद्रपद शुद्ध अष्टमी, शके १७८६

चिरंजीव भगवंता,

आशीर्वाद.

बरं, दिवायीले नाही येत. माह्या बी ध्यानातून गेलतं का तवा हंगाम सुरू होते, मले कुठी फुरसत असन. तुया मायनं तुयासाठी गोधडी शिवली होती ते बांधून ठेवली.

आता तुले एक खुशखबर देतो. तू म्हन्तं मासिक अठी येत नाही. काहून नाही येत? आमच्या पंतोजीले सांगतलं, त्यायनं पुन्याले लिवलं, आन मी वर्गनीदार झालो. अख्ख्या अमरावतीच्या कापूस बाजारात मी एकटा वर्गनीदार. पयला अंक भेटला का दसऱ्याले सगयायसमोर पंतोजीले वाचाले लावतो. त्या दिवशी नव्या कापसाचा पयला सौदा होते, गावोगावचे कास्तकार राहतेत. गफ्फारभाईले बी अकोल्याहून बलावलं. तू त्याच्या घरी राहून शिकला, त्याले बी आयकू दे.

पेढ्यायचं सांगून ठेवलं हाय.

तुया बाप
खुशालराव


पुणे
ता. २२ सप्टेंबर १८६४

तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

आपण मासिकाचे वर्गणीदार झालात हे वाचून आश्चर्य वाटले. मला आधी कळवले असते तर बरे झाले असते.

जो अंक आपल्याकडे येईल त्यातला माझा लेख केवळ विद्वानांसाठी आहे. व्याकरणाची बारीक चर्चा आहे, ती चारचौघांत वाचण्यासारखी नाही. कास्तकार मंडळी कंटाळतील आणि आपला दसऱ्याचा आनंद उगाच फिका पडेल. माझी हात जोडून विनंती आहे की हा अंक घरीच ठेवावा. वाटल्यास उघडूही नये. पुढच्या महिन्यात एका नव्या काव्यावर माझा लेख येणार आहे, तो जरूर वाचावा.

पाऊसपाणी कसे आहे? मायच्या डोळ्यांना औषध घालता का?

भगवंत


अमरावती
आश्विन वद्य तृतीया, शके १७८६

चिरंजीव भगवंत यास आशीर्वाद.

तुझे पत्र दसऱ्याच्या आधी पोहोचले होते. तू लाजतोस असे वाटले, म्हणून ऐकले नाही.

अंक दसऱ्यास बाजारात वाचला. मंडळींस समजला. मंडळी पुष्कळ हसली. पेढे वाटले.

तुझ्या आईची प्रकृती बरी आहे. पाऊस बेताचा झाला. कापूस चांगला आहे.

कळावे.

खुशालराव


पुणे
ता. ५ नोव्हेंबर १८६४

तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

आपल्या पत्राने मन हलके झाले. गेले काही दिवस मला नीट झोप नव्हती, त्याचे कारण आता सांगण्याची गरज उरली नाही. लेख मंडळींस आवडला आणि ती हसली, यातच सर्व आले.

आणखी एका गोष्टीचा आनंद कळवतो. आपल्या पत्रातील भाषा किती सुधारली आहे. एकही प्रत्यय चुकलेला नाही. पंतोजींची मदत घेतली असल्यास त्यांना माझे आभार सांगावे. हे पत्र मी बरोबरच्या मित्रांना मुद्दाम दाखवले. माझ्या वडिलांचे पत्र आहे असे मला प्रथमच मोकळेपणाने सांगता आले.

माझी नेमणूक कायम होण्याचे घाटत आहे. गद्यावरची लेखमाला प्रिन्सिपॉलसाहेबांना इतकी पसंत पडली की हिवाळ्यात तिच्यावर एक जाहीर व्याख्यान द्यावे असे त्यांनी सुचवले आहे.

असेच शुद्ध लिहीत जावे.

भगवंत


अकोला, जुने शहर
कार्तिक वद्य पंचमी

बेटा भगवंत,

तुया गफ्फारचाचाचा दुवा. मले बाळबोध अक्षर जमत नाही, दुकानात चालते तेवढी मोडी येते, त्यात भागवतो. तुया बापाले मालूम नाही का मी लिवून राहिलो.

दसऱ्याले मी अमरावतीले होतो. बाजारात निंबाखाली सतरंजी टाकली होती. भवताली कापसाच्या गाड्या. पंतोजी मधात बसले. खुशालभाऊनं नवं पागोटं बांधलं होतं आन तो बसतच नव्हता, येनाऱ्या जानाऱ्याले हाताले धरून बसवत होता. "या, माह्या पोरानं लिवलेलं आयका."

पंतोजीनं सुरू केलं. तू पुस्तक लिवनाऱ्यायची मस्करी केली होती, ते आयकून लोकं हासले. खुशालभाऊ सगयायहून मोठ्यानं हासला. अर्धं त्याले समजत नव्हतं, पन पोरानं लिवलं म्हंजे हासाचं असन म्हून हासत होता. मंग पंतोजीनं वाचलं, "आता वऱ्हाड प्रांतीच्या एका गृहस्थाच्या पत्रातील हा अशुद्ध भाषेचा मासला पाहावा." आन नाटकातल्यासारखा आवाज काढून सुरू झाले, "तुयी माय तुया पत्रावर हात फिरोते. तिले वाचता येत नाही तं कागद नाकाशी लावते." लोकं पोट धरून हासले. खुशालभाऊ बी हासून राहिला होता. मी त्याच्याकडंच पाहत होतो. त्याचं तोंड हासतं तसंच राह्यलं आन आवाज बंद झाला.

पंतोजी वाचतच गेले. खाली तू लिवलं होतं का ही भाषा नसून बाजारचा गलबला हाय, आन ज्या घरात असं बोलतेत तठी विचार जन्माले येनार नाही. असंच होतं ना? मले जसं याद हाय तसं लिवलं.

एक कास्तकार म्हने, "खुशालराव, हे तं अगदी तुमीच बोलल्यावानी वाटते." तवा कुठी पंतोजीले समजलं, ते थांबले. तुया बाप उभा राह्यला. म्हने, "माह्यंच हाय. माह्या पोरानं छापलं. पेढे घ्या." आन त्यानं सोता थाळी घेऊन एकेकाले पेढा देल्ला. मले देताना माह्याकडं पाह्यलं नाही.

हे एका दिवसाचं असतं तं मी लिवलं नसतं. पन तवापासून तो 'मला, तुला' म्हनू लागला. सांजच्याले पंतोजीकडं पाटी घेऊन जाते, लेकरायसंगं बसते. बेटा, सौदा एका दमात होते हे तुले मालूम हाय. विलायती कंपनीचा गुमास्ता उभा राहते, खुशालभाऊ म्हन्ते "त्याले", मंग थांबते, मंग म्हन्ते "त्याला", तवरोक दुसरा दलाल माल तोडून घेऊन जाते. असा बाजार वऱ्हाडानं कधी पाह्यला नाही, उद्या राहीन का नाही सांगता येत नाही, आन त्या बाजारात वऱ्हाडातला सगयात बोलका मानूस मुका बसला हाय.

तुयी माय पान्याले जाते तं बाया विचारतेत, "काहून वो, आज कागद हुंगला का नाही?" तिले समजत नाही ह्या काहून हासतेत. त्यानं तिले काही सांगतलं नाही.

तू शाबासकी देल्ली ते पत्र त्यानं मले दाखोलं. म्हने, "गफ्फारभाई, पोराला आवडलं." पोराला म्हने.

तू माह्या घरात जेवला, झोपला, म्हून मले लिवाचा हक हाय. काय करा लागते ते मी सांगनार नाही. तू शिकलेला हायस.

अब्दुल गफ्फार


पुणे
ता. २७ डिसेंबर १८६४

तीर्थरूप बाबा,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

मला सर्व कळले. कोणाकडून ते विचारू नये. महिनाभर मी रोज पत्र लिहायला बसलो आणि उठलो. त्या वाक्याजवळ माझी लेखणी आली तेव्हा मला ठाऊक होते की हे माझ्या बाबांचे आहे, आणि त्यातली माय माझी आहे. तरीही लिहिले. मित्रांनी ते पत्र माझ्याआधी फोडून त्याचा मधला कागद तेवढा वाचला होता. ते हसत होते आणि कोणाचे म्हणून विचारत होते. मी म्हणालो, आमच्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने माझ्या पत्त्यावर आपल्या मुलासाठी पाठवले आहे. त्यांनी म्हटले, हा मासला तुझ्या लेखात घाल. नाही म्हटले असते तर त्यांना कळले असते. म्हणून घातला. एवढीच हकीकत आहे आणि ती सांगताना माझी मान वर होत नाही.

पण मी स्वस्थ बसलेलो नाही. सोबत डिसेंबरचा अंक पाठवला आहे. त्यात मी माझ्या नावाने जाहीर लिहिले आहे की तो मासला माझ्या वडिलांच्या पत्रातला आहे, मी वऱ्हाडातल्या कापसाच्या दलालाचा मुलगा आहे, आणि त्या भाषेला हसलो याबद्दल मी क्षमा मागतो. कोणास शंका राहू नये म्हणून आपले नाव, गाव, व्यवसाय सर्व स्पष्ट घातले. ते वाक्यही पुन्हा पूर्ण उतरवून त्यातली माया दाखवून दिली. संपादकांनी लेख पहिल्या पानावर छापला. पुष्कळांनी माझ्या धैर्याची वाखाणणी केली. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले की असा प्रांजळपणा त्यांनी या देशात कमी पाहिला.

आता तरी आपला राग थोडा उतरेल अशी आशा करतो. मायला माझा नमस्कार सांगावा.

भगवंत


अमरावती
पौष वद्य चतुर्थी, शके १७८६

चिरंजीव भगवंत यास आशीर्वाद.

अंक पोहोचला. कोणास वाचून दाखवला नाही.

मला राग आलेला नाही. पूर्वी ते पत्र कोणाचे हे अमरावतीच्या बाजारास ठाऊक होते. आता पुण्यास व मुंबईसही ठाऊक झाले. तुझी वाखाणणी झाली हे चांगले झाले.

तुझी आई दोनदा छापली गेली. तिने तसे काही केले नव्हते.

पुढे आमच्याविषयी काही छापू नये. चांगलेही छापू नये. मासिकाची वर्गणी बंद केली आहे.

कळावे.

खुशालराव


अमरावती
ता. २१ फेब्रुवारी १८६५

प्रिय गफ्फारचाचा,

तुमचे पत्र आले तेव्हा मी तुमच्यावर मनातून चिडलो होतो, हे आधी सांगतो. नंतर बाबांचे पत्र आले. त्यातले "आई दोनदा छापली गेली" हे वाक्य घेऊन मी वर्गात गेलो आणि शिकवता येईना. विद्यार्थी वाट पाहत बसले. मी पुस्तक मिटून बाहेर आलो. जाहीर व्याख्यान देत नाही असे प्रिन्सिपॉलसाहेबांना कळवले, आणि रजा घेऊन इकडे निघालो.

दुपारी पोहोचलो. घरी जाण्याआधी बाजारात गेलो, कारण मायसमोर आधी उभे राहण्याची हिंमत नव्हती. गाड्यांची इतकी गर्दी की वाट मिळेना. एका गाडीच्या आडोशाला थांबलो आणि पलीकडून आवाज ऐकला. चाचा, तुम्ही लिहिले होते की ते मुके झालेत. मला वाटले होते तो आवाज गेलाच. गेला नव्हता. अकोटकडचा कोणी म्हातारा कास्तकार होता, लहानपणचा सोबती असावा. बाबा त्याच्या कापसात कोपरापर्यंत हात घालून म्हणत होते, "अबे, हा कापूस हाय का तुया सासऱ्याची दाढी? काड्याच काड्या. गुमास्त्याले मी काय तोंड दाखवू? अन् तू मले आतापासून भाव सांगून राहिला." तो म्हातारा हसत होता, बाबाही हसत होते. मीही हसलो. किती तरी दिवसांनी हसलो.

तेवढ्यात त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. वाक्य अर्ध्यात तुटले. त्यांनी कापसातून हात काढला, पागोटे सारखे केले आणि म्हणाले, "आपण केव्हा आलात?"

जन्मात त्यांनी मला कधी 'आपण' म्हटले नव्हते.

मी पाया पडलो. तिथेच, सगळ्यांसमोर, म्हणालो की बाबा, माझी चूक झाली. पुण्याहून निघताना मी ठरवले होते की जिथे हसे झाले तिथेच क्षमा मागायची. पण लोकांचे लक्ष नव्हते. अमेरिकेतली लढाई थांबणार अशी मुंबईहून तार आली होती, भाव उतरत होते, ज्याला त्याला आपली गाडी खाली करायची घाई होती. दोघांचौघांनी पाहिले आणि वाट काढून गेले. बाबा हळूच म्हणाले, "घरी चलावे. येथे रस्ता अडतो."

घरी मायने भाकरी केली. मी जेवत असताना ती समोर बसली आणि बाबा बाहेर गेलेले पाहून विचारले, "त्या कागदात माह्यं काय होतं रे? मले कोनी सांगत नाही." आजवर तिला कोणी सांगितले नव्हते, चाचा. ज्याच्यावरून सारे गाव तिला हसले ते तिने ऐकलेच नव्हते. मी तिला ते वाक्य म्हणून दाखवले. मला पाठ होते. तिने पुरते ऐकून घेतले. म्हणाली, "बरोबर हाय. मी असंच बोलली होती." मग माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "पन हे घरातलं होतं."

मी ताट बाजूला सारले. मी तिच्याशी आपल्या बोलीत बोलायला गेलो. म्हणालो, "माय, मले माफ कर." ती म्हणाली, "तू तुया परमानंच बोल बाप्पा. तसं बोलतं तं नक्कल केल्यावानी वाटते." खरे होते. मला ते नीट आले नाही. ज्या भाषेला मी पुण्यात बसून नावे ठेवली ती माझ्या तोंडात आता उसनी झाली आहे.

संध्याकाळी बाबांना म्हटले, माझ्याशी असे शुद्ध बोलू नका. ते म्हणाले, "आता सवय झाली आहे. आपल्याला आमच्यामुळे कमीपणा येऊ नये." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. ते मनापासून म्हणत होते. पंधरा दिवस ते माझ्याशी तसेच बोलत आहेत, एकेक शब्द तपासून. मी खोलीत आलो की मायशी चाललेले बोलणेही थांबते. माझ्या बापाच्या घरात मी परीक्षक होऊन बसलो आहे.

'वाग्विचार'मध्ये यापुढे लिहिणार नाही असे संपादकांना कळवले. अकोल्याच्या इंग्रजी शाळेत मास्तरांची जागा रिकामी आहे असे कळते. मी अर्ज केला आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी लिहिले की हे वेडेपण आहे, दहा वर्षांनी मी कॉलेजात मोठा प्रोफेसर झालो असतो. झालो असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण इकडे राहिलो तर निदान महिन्या-पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर येऊन बसता येईल. कधी तरी त्यांना माझा विसर पडून ते बोलतील.

तुमच्या घरातली माझी जुनी खोली मला द्याल का? तुम्ही नाही म्हणालात तरी मला त्याचे कारण विचारण्याचा हक्क नाही.

तुमचा
भगवंत


अकोला, जुने शहर
वैशाख शुद्ध द्वादशी

बेटा भगवंत,

खोली तुयीच हाय. आत सरकीचे पोते होते ते काढले, भितीले चुना देल्ला. तुले शायेत घेतलं ते बी समजलं.

बाजार पडला. मोर्नेच्या काठावर गाड्या तशाच उभ्या हायेत, घेनारा नाही. ज्यायनं बैलाच्या शिंगायले चांदी मढोली ते आता काढून राहिले. खुशालभाऊचं बी नुकसान झालं, पन तो बुडाला नाही. त्याची काळजी करू नको.

तो परवा अठी आला होता. काम काही नव्हतं, बाजारात काय काम असन आता. तुया खोलीत गेला. खाट हालवून पाह्यली, खिडकी उघडून पाह्यली. म्हने, "गफ्फारभाई, हे खिडकी मावळतीले हाय, दुपारी भट्टी होईन. त्याले ऊन सोसत नाही, लहानपनी नाकातून रक्त येत होतं. खाट तिकडच्या भितीले लाव. अन् तो येऊन राहिला कवा? मोठ्या बैलगाडीनं येईन का हलक्या दमनीनं? त्याले म्हन, सकाळच्याले नीघ." इतकं तो दसऱ्यानंतर एका दमात बोलला नव्हता.

मी म्हटलं, मले काहून सांगतं, त्यालेच लिव ना हे सगयं.

खाटेवर बसला. म्हने, "त्याले लिवतो तं शुद्ध लिवा लागते. शुद्धात हे लिवता येत नाही मले."

म्हून मी लिवून राहिलो. सकाळच्याले नीघ. आन मी लिवलं हे त्याले सांगू नको.

तुया चाचा
अब्दुल गफ्फार